कविता डोक्यात शिरत नाही म्हणता? आधी तोंडानं वाचा, अर्थाचं मंग बघू

आमच्याकडं परभणीत महिन्यातून एकदा संध्याकाळी गच्चीवर आठ-दहा जण कविता वाचायला बसतो. मेडिकलवाला, दोन शिक्षिका, बी-बियाण्याच्या दुकानाचा मालक, एक रिटायर ग्रामसेवक, अशी सगळी संसारातली माणसं. आणि नवीन येणारा प्रत्येक जण एकच चूक करतो, कविता डोळ्यानं एकदा भराभर वाचतो, मान वर करतो आणि विचारतो, "मंग ह्याचा अर्थ काय?" इथंच गाडी रुळावरून उतरते. अर्थ विचारणं चूक नाही, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो, आणि आपण शाळेच्या सवयीनं तो सगळ्यात आधी विचारतो. खाली जी पद्धत सांगायलोय ती बरीचशी ह्या एका क्रमाचीच गोष्ट आहे.

तयारी: पुस्तक उघडायच्या आधी

पहिलं म्हंजे डोक्यातली परीक्षा बंद करा. दहावीत 'रसग्रहण करा' असं आलं की आपण गाईडमधलं पाठ केलेलं उतरवायचो, 'कवीने प्रस्तुत ओळींतून निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे', झाले मार्क. ते वाक्य अजून आपल्या डोक्यात बसलेलं आहे आणि कविता दिसली की आपोआप सुरू होतं. ते सुरू झालं असं वाटलं की पुस्तक खाली ठेवून पाणी पिऊन या, खरंच सांगतो.

दुसरं, वेळ. दिवसाला दहा मिनिटं पुरतात पण ती एकट्याची पायजेत, कारण मोठ्यानं वाचायचंय आणि घरातले हसतात. मी सुरुवातीला अंघोळीच्या आधी पाण्याची मोटार चालू असायची तेव्हा वाचायचो, मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. उन्हाळ्यात गच्ची बेस्ट, पण दिवस मावळल्यावर, आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कविताच काय काहीच सुचत नाही.

तिसरं, एक साधी वही आणि पेन्सिल. मोबाईलवर नोट्स नको, मेसेज येतो आणि गेलो आपण.

थांबा, इथं एक तपासणी. तुम्हाला कविता का वाचायचीय? चार लोकांत दोन ओळी फेकता याव्यात म्हणून असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही, त्यासाठी व्हॉट्सअॅप पुरे आहे.

पायरी १: पुस्तक निवडा, पण जाड नको

माझी पहिली चूक इथलीच. एका पुस्तक प्रदर्शनातून एका लई अवघड म्हणून नावाजलेल्या कवीचं जाडजूड पुस्तक उचललं, घरी येऊन अकरा पानं वाचली आणि मंग सहा वर्षं त्या पुस्तकावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा राहिला. दोष कवीचा नव्हता, पुस्तकाचाही नव्हता, पोहायला शिकणाऱ्यानं थेट विहिरीत उडी मारल्यासारखं ते झालं होतं.

पातळ संग्रह घ्या, ऐंशी-नव्वद पानांचा. दुकानात किंवा तालुक्याच्या ग्रंथालयात उभ्या उभ्या कुठलीही पाच पानं उघडून वाचा. पाच पानांत एका जरी ओळीवर तुम्ही अडखळून परत मागं गेलात तर ते पुस्तक तुमचं. कळली का नाही हे बघू नका, परत वाचावीशी वाटली का एवढंच बघा.

ज्यांचं गावाशी, शेताशी नातं आहे त्यांनी ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) पासून सुरुवात करावी असं मी सांगतो, महानोर पळसखेड्याचे, रान हेच त्यांचं घर, त्यातलं पाणी-पीक तुम्हाला समजावून सांगायची गरज पडत नाही. नायतर आमच्या परभणीचे इंद्रजित भालेराव, त्यांचं 'पीकपाणी' घ्या. ओळखीच्या मातीतून सुरू करायचं एक कारण आहे, शब्द आधीच तुमच्या कानातले असतात, त्यामुळं अर्थामागं धावायची घाई आपोआप कमी होते. शहरातल्या, तुटक, अवघड कविता नंतर आहेतच, त्या कुठं पळून जात नाहीत.

सावधान: फॉरवर्ड होऊन आलेल्या कवितेवर सुरुवात करू नका. त्यात ओळी गाळलेल्या असतात, कुणीतरी आपल्या मनानं दोन जोडलेल्या असतात, आणि खाली नाव भलत्याच मोठ्या कवीचं. आवडली तर खुशाल आवडू द्या, पण छापलेल्या पुस्तकात ती सापडत नाही तोवर तिच्यावर मेहनत घेऊ नका. जुन्या कवींचं बरंच काही मराठी विकिस्रोतावर फुकट आहे, तिथं बघता येतं.

पायरी २: मोठ्यानं वाचा, तीनदा, आणि तीन वेगळ्या कामांसाठी

हीच पायरी सगळे गाळतात, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

पहिल्यांदा वाचाल ते फक्त जिभेला रस्ता कळावा म्हणून. अडखळाल, चुकाल, चालू द्या. थांबून मागं जाऊ नका.

दुसऱ्यांदा वाचताना ठेका शोधा. आणि ठेका तुम्हाला येत नाही असं म्हणू नका, येतो. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणून बघा. रामदास आपल्या जालन्याकडच्या जांबचे, मनाचे श्लोक शाळेत नायतर आजीकडून कानावर गेलेलेच असतात. ओळीत बारा अक्षरं, आणि चाल एक आखूड, दोन लांब, एक आखूड, दोन लांब, अशी चार वेळा. म-नाऽ-सज्, ज-नाऽ-भक्, ति-पंऽ-थेऽ, चि-जाऽ-वेऽ. ह्याला भुजंगप्रयात म्हणतात, पण ते नाव माहीत नसताना सुद्धा तुमची मान हललीच असती. टेबलावर बोटानं वाजवून बघा. एकदा हे बोटात बसलं की कुठल्याही वृत्तातल्या कवितेत ठेका कुठं पडतो आणि कवीनं तो मुद्दाम कुठं मोडलाय हे ऐकू यायला लागतं.

तिसऱ्यांदा बोलल्यासारखं वाचा, शेजारच्याला काहीतरी सांगताय असं. ठेका आतून चालू राहील, वरून बोलणं राहील. हे जमलं तर निम्मं काम झालं, पण हे पहिल्या दिवशी जमत नाही, चार-पाच दिवस लागतात.

आता मुक्तछंद, म्हंजे वृत्त-यमकाचं बंधन नसलेली कविता. इथं लोक म्हणतात, "ह्यात तर ठेकाच नाही, नुस्तं वाक्य तोडून खाली खाली लिहिलंय." तर वाक्य कुठं तोडलंय तेच बघायचं असतं. ओळ संपली की अर्धा श्वास थांबायचं, वाक्य पुरं झालेलं नसलं तरी थांबायचं. उदाहरण म्हणून मीच बनवलेल्या तीन ओळी देतो, कविता म्हणून भिकार आहेत पण कामाला येतील:

औंदा पाऊस
पडलाच नाही असं
कुणी म्हणू नये

दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबलात तर क्षणभर दुष्काळ पडतो. तिसरी ओळ आली की तोच दुष्काळ वेगळा होतो, म्हंजे पडला तरी होता का, का नुस्तं बोलायची बंदी आहे? न थांबता सरळ वाक्यासारखं वाचलं तर ह्यातलं काहीच घडत नाही. नवीन वाचणारे नव्वद टक्के इथंच घसरतात (टक्का माझ्या गच्चीवरचा आहे, कुठल्या सर्व्हेचा नाही).

तपासणी: मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. बातम्या वाचल्यासारखं वाटलं तर वेग कमी करा. संमेलनातल्या कवीसारखा गळा काढलेला ऐकू आला तर तो पण कमी करा, लई कमी करा.

पायरी ३: दिसतंय काय ते आधी सांगा

आता वही काढा आणि पाच साध्या गोष्टी लिहा. कोण बोलतंय, कुणाशी, कुठं, कधी, आणि अंगाला काय होतंय. 'प्रतीक' हा शब्द ह्या पायरीवर वापरायला बंदी.

नाथांचं 'विंचू चावला' भारूड घ्या, पैठणच्या एकनाथांचं, सगळ्यांनी कुठंतरी ऐकलेलं असतं. पहिल्याच कडव्यात 'कामक्रोध विंचू चावला' येतं आणि वाचणारा म्हणतो हां, विंचू म्हंजे कामक्रोध, कळलं, पुढं चला. झालं, भारूड हातातून गेलं. कारण नाथांनी पुढं अख्खा विंचू चढवलाय आणि उतरवलाय, तो आपण बघितलाच नाही.

आमच्या गच्चीवर हेच झालं. दोघंतिघं कामक्रोधावर प्रवचन द्यायला लागले, आणि बियाण्याचा दुकानदार, जो सहसा बोलत नाही, तो म्हणाला, मला कडब्याची पेंढी उचलताना चावला होता, आधी घामच येतो, इथं पण तेच लिहिलंय. मग आम्ही सगळे परत पहिल्या ओळीवर गेलो. 'तम घाम अंगासी आला.' आधी घाम, मंग जीव कासावीस, मंग सगळ्या अंगाची आग. मंग उतारा, सत्त्वगुणाचा अंगारा, आणि ते 'झरझरा' उतरणं. आणि एवढं होऊन शेवटी 'किंचित राहिली फुणफुण'. दुकानदार म्हणाला, बरोबर आहे, उतरलं तरी दोन दिवस फुणफुणतंच.

त्या एका शब्दापाशी आम्ही अर्धा तास बसलो. विष उतरलं तरी फुणफुण राहते, म्हंजे राग गेला म्हणणाऱ्या माणसात पण थोडा राहतोच, आणि नाथ म्हणतात ती राहिलेली फुणफुण मात्र अंगाऱ्यानं गेली नाही, ती 'शांत केली जनार्दने', तिला गुरू लागला. हे कुठल्या गाईडातून निघालं नाही, कडब्याच्या पेंढीतून निघालं. तुमच्या अंगावरचा अनुभव कवितेला लावून बघायला लाजू नका.

(खरा विंचू चावला तर अंगारा नको, सरळ दवाखाना.)

सावधान: उलटी चूक पण होते. कविता वाचता वाचता स्वतःचीच गोष्ट सुरू होते, माझ्या आजीचं पण असंच, आमच्या वाड्यात पण, आणि कविता राहते बाजूला. अनुभव सांगा पण बोट कवितेतल्या शब्दावर ठेवून सांगा. बोट उचललं की थांबा.

पायरी ४: अडलेले शब्द

आता शब्दकोश, ह्याच्या आधी नाही. पहिल्या वाचनात प्रत्येक शब्दाला थांबलात तर कविता ऐकूच येत नाही. तीन वाचनं झाल्यावर जे शब्द अजून अडतात तेवढेच पेन्सिलनं खूण करा. बहुतेक वेळा दोन-तीनच राहतात. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची) दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. जुन्या कवितेला मोल्सवर्थ लई कामाचा.

पण बोलीतला शब्द अडला तर कोश बंद करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पाभर, तिफण, असलं पेरणीच्या अवजाराचं नाव कोशात सापडलं तरी त्याचा हात कसा धरतात हे कोश सांगत नाही, आजोबा सांगतात, आणि वरून दोन गोष्टी जास्तीच्या सांगतात.

पायरी ५: कविता कुठं वळते ते शोधा

जवळजवळ प्रत्येक चांगल्या कवितेत एक जागा असते जिथं ती वळते. कधी 'पण' येतो, कधी काळ बदलतो, कधी बोलणारा बदलतो, कधी नुस्तं क्रियापद बदलतं. ती जागा सापडली की कविता उघडते.

सरावाला बालकवींची 'औदुंबर' घ्या, आठच ओळी आहेत. शेवटची ओळ हातानं झाका आणि वरच्या सात ओळींतली क्रियापदं खुणावत जा. झरा वाहतो, पायवाट आडवीतिडवी पडत चालते, काळिमा लाटांवर पसरतो, सगळं सरकतंय. रंग पण खुणवा, हिरवा, निळासावळा, परत हिरवा, मधे पांढरी वाट, आणि शेवटी काळा डोह. आता हात काढा. 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.' एवढ्या सरकणाऱ्या चित्रात एकटा कुणीतरी बसलाय. आणि तो 'असला' म्हंजे काय, 'असा हा' औदुंबर, का नुस्तंच 'बसलेला आहे'? ह्यावर जाणकार पण एकमताचे नाहीत, त्यामुळं तुम्ही दोन्ही तऱ्हेनं मोठ्यानं म्हणून बघा आणि कुठली तुमच्या कानाला बरी वाटते ते ठरवा. वळण सापडणं म्हंजे उत्तर सापडणं नाही, तिथं थोडा वेळ थांबता येणं एवढंच आहे.

वळण सापडतच नसेल तर कवितेची शेवटची ओळ आधी वाचा आणि मंग पहिल्यापासून वाचत या. फसवणूक आहे, पण चालते.

गझल असेल तर थोडं वेगळं

आपल्याकडं संभाजीनगरच्या बाजूला उर्दूची जुनी हवा आहे, सिराज औरंगाबादी हा उर्दू शायर १८ व्या शतकातला, त्यामुळं मराठवाड्यात गझलेचा कान असलेली माणसं बरीच भेटतात. पण वाचताना लोक गझल एका गोष्टीसारखी वरून खाली वाचतात आणि म्हणतात हिचा एकमेकाशी संबंधच लागत नाही. लागायला पायजेच असं नाही, प्रत्येक शेर, म्हंजे दोन ओळींची जोडी, आपल्या पायावर उभा असतो. सांधतो तो काफिया आणि रदीफ, म्हंजे यमक आणि त्याच्या मागं परत परत येणारा शब्द.

वाचायची रीत मुशायऱ्यातून, म्हंजे शायरांच्या बैठकीतून, उचला. तिथं शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, लोक वाट बघतात, मंग दुसरी येते. तुम्ही पण दुसरी ओळ कागदानं झाका, पहिली दोनदा म्हणा, पुढं काय येईल ते मनात धरा, मंग कागद सरकवा. तुमचा अंदाज चुकला तर शेर चांगला. बरोबर निघाला तर पुढं चला. दिवसाला तीन शेर बस, अख्खी गझल एका दमात वाचली तर शेवटचे शेर पहिल्यांना खाऊन टाकतात.

पायरी ६: आता अर्थ

एक वाक्य लिहा, तुमच्या घरच्या भाषेत. 'ही कविता मला असं वाटायला लावते की' अशी सुरुवात चालेल. जमलं नाही तर जागा मोकळी सोडा आणि तारीख टाका. एवढंच. माझ्या वहीत सात-आठ जागा अजून मोकळ्या आहेत.

सावधान: कवीच्या मुलाखती, समीक्षेची पुस्तकं, यूट्यूबवरचं विश्लेषण, हे सगळं ह्या पायरीनंतर. आधी बघितलं की तुमचं वाक्य त्यांचं होऊन जातं आणि तुम्हाला कळत पण नाही.

पायरी ७: एक कविता, सात दिवस

आठवड्याला एकच कविता. सोमवार-मंगळवार पायरी दोन, बुधवार तीन, गुरुवार शब्द, शुक्रवार वळण, शनिवार वाक्य, आणि रविवारी पुस्तक न उघडता जेवढं आठवतं तेवढं म्हणायचं. पाठांतर करा असं मी म्हणत नाही, आठवतंय तेवढं म्हणा. जिथं अडकाल तिथं नेमकं काय विसरलो ते बघा, मी हटकून अशा जागी अडकतो जिथं कवीनं माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा शब्द ठेवलेला असतो, आणि मी तिथं माझा ठेवतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा कुठला बरा, हा सगळा खटाटोप कशासाठी होता ते तेव्हा कळतं.

ज्यांना सात दिवस एक कविता म्हंजे कंटाळा वाटतो त्यांना एवढंच विचारतो, आवडतं गाणं तुम्ही किती वेळा ऐकता?

पायरी ८: सोबत, आणि तिचे नियम

एकट्यानं तीन-चार महिने झाले की दोघं-तिघं गोळा करा. जास्त नको, आणि कवी कमी ठेवा. कवी आले की ते स्वतःच्या कविता ऐकवायला लागतात, आमच्या एका बैठकीत पहिला तास असाच गेला आणि चहा संपल्यावर माणसं उठून गेली, तेव्हापासून नियम केला, स्वतःची कविता आणायची नाही.

बाकीचे नियम अनुभवातून आलेले आहेत. कविता झेरॉक्स करून सगळ्यांच्या हातात, मोबाईलवर नाही. आधी दोन वेगळ्या माणसांनी मोठ्यानं वाचायची, एक बाई, एक पुरुष असं जमलं तर बघा, तीच कविता केवढी बदलते. मंग प्रत्येकानं फक्त एक शब्द सांगायचा, कुठला शब्द अडकला. 'कवीला काय म्हणायचंय' हा प्रश्न विचारणाऱ्यानं पुढच्या वेळेस भजी आणायची. ह्या नियमामुळं आमच्याकडं भज्यांचा कधी तोटा पडला नाही, आमचे ग्रामसेवक अण्णा तर मुद्दाम विचारतात असा मला संशय आहे.

वाद झाला तर होऊ द्या, पण बोट शब्दावर ठेवून. ज्याला कविता आवडली नाही त्याला पण कुठल्या ओळीवर आवडली नाही ते दाखवायला लावा. मागच्या महिन्यात मेडिकलवाला असाच एक कविता फेटाळायला बसला होता, ओळ दाखव म्हटलं तर ती शोधता शोधता त्यानं तीनदा वाचली आणि झेरॉक्स घडी घालून खिशात टाकली. आवडली का म्हणून विचारलं तर म्हणाला, नाही, पण जाऊ दे, घरी नेतो.